सिलास मुकादमाचा घास

"उद्याची भाकर नागम्माच्या घरून येईल," पाळकसाहेब म्हणाले.

मंदिराच्या ओसरीवर शनिवारची उन्हं कलली होती. पाळक सातपुते तिशीच्या आतबाहेरचे, सोलापूरकडचे. चिंचकूरच्या ख्रिस्ती मंडळीत येऊन त्यांना अजून वर्ष व्हायचं होतं. समोर बसलेल्या पंचांनी आधी खाली पाहिलं आणि मग सगळ्यांनी मिळून सिलास मुकादमाकडे पाहिलं. अडचणीचं काही निघालं की त्याच्याकडे बघायची सवय मंडळीला तीस वर्षांची होती.

"बघू की," सिलास म्हणाला.

"बघायचं काय त्यात, मुकादम? दोन वर्षं प्रभुभोजनाची भाकर तुमच्याच घरून येते. आता दुसऱ्यांनाही करू द्या. मी तिला सांगून आलोय."

"सांगून आलाव?"

"काल सकाळीच. गहू निवडत बसलीय बिचारी."

सिलासने खाकी कोटाची बटणं उगाच लावली आणि पुन्हा सोडली. त्याला पाळकाचा राग आला नाही. धास्ती वाटली.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा प्रश्नच नव्हता. महिन्याच्या पहिल्या रविवारी सोलापुराहून मिशनचे गोरे साहेब जीपगाडीने यायचे आणि येताना कागदात गुंडाळलेली डबलरोटी आणायचे. ती कुणी मळली, कुणी भाजली, हे चिंचकुरात कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून कुणी विचारतही नव्हतं. साहेब कायमचे त्यांच्या देशी गेले आणि डबलरोटी बंद झाली. मग सिलासची बायको सारजाबाई दर महिन्याला गव्हाची जाड रोटी भाजून देऊ लागली. सारजाबाई वरच्या आळीची. वरची आळी म्हणजे पूर्वीचा महारवाडा, खालची आळी म्हणजे मांगवाडा. दोन्ही आळ्यांच्या आजोबांनी एकाच दिवशी, एकाच ओढ्यात बाप्तिस्मा घेतला होता. पण ओढ्यातून बाहेर आल्यावर जो तो आपापल्या आळीला गेला, तो गेलाच. मंदिरात वरची आळी उजवीकडे बसायची, खालची डावीकडे. सारजाबाईच्या हातची भाकर खालच्या आळीने कधी नाकारली नाही. उलटं कधी घडलंच नव्हतं, आणि ते घडणार नाही याची काळजी सिलासनेच घेतली होती.

तीच त्याची हातोटी होती. नळदुर्ग ते उमरगा रस्त्यावरच्या गँगचा तो मुकादम. खड्डा मोठा व्हायच्या आत त्यात खडी टाकून मोकळं व्हायचं, हे त्याचं रस्त्यावरचं धोरण आणि मंडळीतलंही. मंदिराला पाण्याचे रांजण घ्यायचे ठरले तेव्हा त्याने दोन आणवले आणि दोन दारांशी दोन ठेवले. एकाच ठिकाणी गर्दी होते, असं कारण सांगितलं. लग्नाच्या जेवणाला दोन पंगती घातल्या, जागा पुरत नाही म्हणून. सगळ्यांना खरं कारण कळायचं आणि सगळे हे दुसरं कारण मान्य करायचे. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, जिल्हा आधी मुंबईत आणि मग महाराष्ट्रात आला, आसपासच्या दोन मंडळ्या भांडून मोडल्या, पण चिंचकूरची मंडळी टिकली. ही मंडळी सिलासच्या खांद्यावर उभी आहे, असं साहेब जाताना म्हणाले होते. सिलासला ते मनापासून पटलं होतं.

घरी येऊन त्याने सारजाबाईला सांगितलं. ती जोंधळे पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

"नागम्माच्या हातची?"

"पाळकसाहेबांनी सांगून टाकलंय तिला."

"त्यांला काय व्हतंय सांगायला. सोलापूरचं मानूस. उद्या बदली झाली की निगून जाईल." तिने पुन्हा पाखडायला सुरुवात केली. "म्या न्हाय खानार. तुमी खानार का?"

"तुझी चारी बाळंतपनं नागम्मानंच केली, सारजे."

"बाळंतपन येगळं, खानं येगळं," ती म्हणाली. तिच्या आवाजात द्वेष नव्हता. पाणी उताराकडे जातं, हे सांगावं तसं तिने सांगितलं. आणि सिलासला आत कुठेतरी तेच पटलं होतं.

रविवारी मंदिर भरलं होतं. नागम्मा धुतलेलं हिरवं लुगडं नेसून आली. हातात पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली रोटी. पन्नाशी ओलांडलेली, बारीक अंगाची, गावभर सुईणपण करून हात झिजलेले. पाटलाच्या सुनेला मुलगा झाला तेव्हा मिळालेले गहू तिने राखून ठेवले होते, तेच दळले होते. भाकर ज्या घरची, त्या घरच्या बाईने मेजाशेजारी फडकं धरून उभं राहायचं, ही रीत सारजाबाईपासून पडली होती. नागम्मा तिथं उभी राहिली. तिची मान खाली होती, पण चेहऱ्यावरचं समाधान लपत नव्हतं.

पाळकांनी भाकर मोडली. पहिला घास थोरल्या पंचाचा. सिलास उठून पुढे गेला. पाठीवर सगळ्या मंदिराची नजर होती. पाळकांनी त्याच्या तळहातावर तुकडा ठेवला. तो अजून किंचित कोमट होता.

सिलासने हात तोंडाकडे नेला. ओठापर्यंत तो गेलाही. तिथं तो अचानक थांबला. लहानपणी आजीने खालच्या आळीत पाणी प्यायल्याबद्दल दिलेला मार त्याला आठवला असेल किंवा नसेलही. आठवण्याइतका वेळच नव्हता. तो खोकला, खिशातून रुमाल काढून तोंडाला लावला, आणि तुकडा रुमालासकट कोटाच्या खिशात गेला. मग त्याने मान लववली, थोडा वेळ डोळे मिटून उभा राहिला आणि वळला.

पाळक मेजावर पुढचा तुकडा मोडत होते, आणि मागच्यांनी पाहिलं ते एवढंच, की मुकादमाने खाल्ली. उजवीकडून बंडप्पा उठला. बंडप्पा सिलासचा चुलतभाऊ, त्याच्याच गँगमध्ये घमेली उचलणारा. त्याने पुढे जाऊन तुकडा खाल्ला. त्याच्या मागे वरच्या आळीतले आणखी नऊ-दहाजण गेले. सारजाबाई आणि बाकीच्या बायका जागच्या हलल्या नाहीत, पण खालची आळी सगळी गेली. गडबड झाली नाही. उपासना नेहमीसारखी आटोपली.

बाहेर आल्यावर पाळकांनी सिलासचे दोन्ही हात धरले. "मुकादम, आज तुम्ही फार मोठं काम केलंत," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

सिलासने हळूच हात सोडवून घेतले. आत घास घेऊन वळताना त्याची नजर मेजाकडे गेली होती. नागम्मा त्याच्या खिशाकडे बघत होती.

सोमवारी सकाळी मैलाच्या दगडाजवळ काम चाललं होतं. गँग पुढे गेल्यावर सिलासने रुमाल उलगडला. तुकडा वाळून कडक झाला होता. फेकून द्यायला मन धजेना, खायला तर नाहीच नाही. त्याने कुदळीने रस्त्याच्या कडेला वीतभर उकरलं, तुकडा आत ठेवला आणि वर खडी सारली. दुपारी त्यावरून खडी दाबणारा रूळ गेला.

घरी सारजाबाईने तीन दिवस अबोला धरला होता. चौथ्या दिवशी जेवायला वाढताना ती म्हणाली, "साऱ्या आळीत माझी मान खाली गेली. माझं मी खाल्लं न्हाय, पन घरधन्यानं खाल्ली. आता तुमच्या ताटातलं मी काय म्हनून उचलायचं?"

रस्त्यावर सात तास उन्हात काढून सिलास दमला होता. निदान घरात तरी शांतता असावी असं त्याला वाटलं.

"म्या खाल्ली न्हाय," तो म्हणाला.

सारजाबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. तिने त्याच्या भाकरीवर तूप घातलं.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर तिने शेजारणीला सांगितलं. नवऱ्याची अब्रू सांभाळावी, एवढाच तिचा हेतू. संध्याकाळपर्यंत वरच्या आळीला कळलं. खालच्या आळीला ते पाणवठ्यावरून दुपारीच कळलं होतं, पण तिथं कुणी बोललं नव्हतं.

शनिवारी बंडप्पा कामावर आला तो घमेलं न उचलता सिलाससमोर उभा राहिला.

"खरं हाय का?"

"काय?"

"इचारू नगा काय म्हनून. खरं हाय का न्हाय तेवढं सांगा, दादा."

सिलासने होकारार्थी मान हलवली. बाकीची माणसं हातातली कामं थांबवून ऐकत होती.

"मी तुमच्या मागं गेलो," बंडप्पा म्हणाला. "दादानं खाल्ली, मग आपन कोन इचार करनारे, म्हनून गेलो. खाल्ली. काय झालं मला? काय बी झालं न्हाय. गोड लागली. घरी जाऊन म्या बायकूला सांगितलं, अगं आपन उगंच इतकी वर्सं भेत व्हतो." त्याचा आवाज चिरकला. "आन तुमी रुमालात घातली. मला खड्ड्यात उतरवलं आन तुमी काठावर हुबे."

"मंडळी मोडू न्हाय म्हनून केलं रं, बंडप्पा."

"मोडली की," बंडप्पा म्हणाला आणि घमेलं घेऊन पुढे गेला. त्यानंतर दिवसभर तो सिलासशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. मंदिराची डावी बाजू रिकामी होती. खालच्या आळीतलं एकही माणूस आलं नव्हतं. उजवीकडेही निम्मी माणसं. ज्यांनी खाल्ली होती ती फसवले गेलो म्हणून चिडलेली, ज्यांनी नव्हती खाल्ली ती, आमचंच बरोबर निघालं, म्हणून ताठ. पाळकांनी शास्त्रपाठ वाचला, पण प्रवचन केलं नाही. सगळे गेल्यावर ते सिलासजवळ येऊन बसले.

"मला कळलं," ते म्हणाले.

सिलासला वाटलं, आता हे रागावतील. रागावले असते तर त्याला सोपं गेलं असतं.

"माझीही घाई झाली," पाळक म्हणाले. "मी येऊन वर्ष झालं नाही आणि मला वाटलं, सांगितलं की झालं. तुमच्यावर किती ओझं टाकतोय ते मला कळलं नाही. पण मुकादम, त्या बाईने मला विचारलं, साहेब, पुढच्या महिन्यात भाकर कुणाची? मी काय सांगू तिला?"

सिलास उठला आणि तसाच खालच्या आळीकडे निघाला. तीस वर्षांत तो तिथं कितीदा गेला होता, पण मयताला, आजाऱ्याला, निरोप द्यायला. दाराच्या बाहेर उभा राहून बोलायचा आणि परतायचा. आज तो उंबऱ्याच्या आत गेला.

नागम्मा आणि तिचा नवरा शंकरप्पा घायपाताचे दोर वळत होते. शंकरप्पाने एक टोक धरलं होतं, ती दुसऱ्या टोकाला पीळ देत होती. दोघांनीही हात थांबवले नाहीत.

"बसा, मुकादम," शंकरप्पा म्हणाला.

सिलास जमिनीवर बसला. "नागम्मा, माजं चुकलं."

ती पीळ देत राहिली. "त्या घासाचं काय केलं तुमी?"

हा प्रश्न येईल असं त्याला वाटलं नव्हतं. "पुरला," तो म्हणाला. "रस्त्याच्या कडंला. वर खडी टाकली."

"कोंबडीला टाकला असता तरी कुनाच्या तरी पोटात गेला असता," ती म्हणाली. "दोन दिवस निवडले ते गहू. ह्यांला डोळ्यानं दिसत न्हाय नीट, तरी जात्याला हात लावला ह्यांनी. म्हनले, प्रभूच्या मेजावर आपल्या घरचं चाललंय."

शंकरप्पाने दोराचं टोक आणखी घट्ट धरलं.

"मला भाकर दे," सिलास म्हणाला. "काय असंल ती. हितं बसून खातो. दोघांम्होरं खातो."

नागम्माचे हात पहिल्यांदा थांबले. शिंक्यात झाकलेली भाकरी होती, ती सिलासला बसल्या जागेवरून दिसत होती. तिने त्या बाजूला पाहिलंही.

"न्हाय," ती म्हणाली.

"नागम्मा..."

"राग धरून म्हनत न्हाय, मुकादम. आज तुमी हितं खाल्ली की तुमचं वझं उतरंल. सुटून जाल तुमी. हितं बंद घरात कोन बघतंय? तुमी न्हाय खाल्ली ती देवळात, साऱ्यांम्होरं. मग जे काय बोलायचं ते तिथं बोला. मला माफी नगं. मी तर तवाच बघितलं व्हतं. आठ दिवस कुनाला सांगितलं न्हाय."

"का न्हाय सांगितलं?"

"तुमच्यामुळं दहाजनांनी खाल्ली व्हती माज्या हातची," नागम्मा म्हणाली. "ती सुखाची गोष्ट व्हती. म्या कशाला मोडू?"

पुढचा आठवडा सिलासने कसा काढला ते त्याचं त्याला ठाऊक. गँगच्या हजेरीत दोनदा चूक झाली. सारजाबाईला त्याने आधीच सांगून टाकलं की रविवारी तो काय करणार आहे. तिने चुलीत लाकूड सारलं आणि म्हणाली, "मी तुमची लाज राखली, ते बी सांगनार का तिथं?"

"तुजं नाव बी घेनार न्हाय."

"नाव घ्यायची काय गरज हाय?" ती म्हणाली.

रविवारी उपासनेच्या शेवटी सिलास उभा राहिला. डावी बाजू आजही रिकामीच होती, फक्त दाराशी शंकरप्पा काठीवर हनुवटी टेकून बसला होता. आत आला नव्हता. सिलासला भाषण करता येत नसे. कामावर हुकूम देतो तसा तो तुकड्यातुकड्यांनी बोलला.

"पयल्या रविवारी म्या नागम्माच्या घरची भाकर हातात घेतली. खाल्ली न्हाय. खाल्ल्यावानी केलं. ती लबाडी झाली. पाळकसाहेबांनी माजे हात धरले तरी म्या सांगितलं न्हाय." तो थांबला. बोलायचं ठरवलेलं एवढंच होतं, पण तोंड बंद होईना. "आनि ते रांजण. गर्दी व्हते म्हनून दोन ठिवले न्हाईत म्या. कशापायी ठिवले ते तुमाला ठावं हाय, मला ठावं हाय. पंगतीला जागा कमी पडत नव्हती. कंदीच पडली न्हाय. तीस वर्सं मी कारनं सांगितली आन तुमी ऐकून घेतली. मी आजपासून पंच न्हाय."

ही गोष्ट प्रत्येकाला ठाऊक होती, पण ती तोंडाने बोललेली कुणी ऐकली नव्हती. बायकांच्या बाजूने सारजाबाई उठली. पदर नीट केला आणि कुणाकडे न बघता बाहेर गेली. तिच्या मागे एकेक करत वरच्या आळीची पाच घरं उठून गेली. जाताना एक म्हातारा सिलाससमोर थांबला. "झाकलेलं झाकलेलं ऱ्हाऊ द्यायला काय झालं व्हतं तुला?" एवढं बोलून तोही गेला.

त्या पाच घरांनी पुढे आपली प्रार्थना घरीच सुरू केली. खालची आळीही लगेच परतली नाही. सलग चार रविवार मंदिरात पाळक, सिलास, बंडप्पाचं कुटुंब आणि दोन म्हाताऱ्या, एवढीच माणसं होती. गाणं उचलायला कुणी नसे. पाळक एकटेच म्हणायचे आणि मध्येच त्यांचा सूर हरवायचा. आडवाटेचा वाटसरू डोकावला असता तर त्याला वाटलं असतं, ही मंडळी संपली. सिलासलाही तसंच वाटे. आपण गप्प राहिलो असतो तर आज मंदिर भरलेलं असतं, हा विचार त्याला दर रविवारी यायचा, आणि तो खोटा आहे असं तो छातीवर हात ठेवून म्हणू शकत नव्हता. बंडप्पाने दोनातला एक रांजण उचलून घरी नेला.

पाचव्या रविवारी नागम्मा आली. एकटी. नेहमीच्या जागी बसली. पुढच्या वेळी शंकरप्पाला हाताला धरून घेऊन आली. मग हळूहळू तिकडची तीन घरं आली, बाकीची उमरग्याच्या मंडळीत जाऊ लागली. दिवाळीच्या सुमारास पुन्हा नागम्माची भाकर मेजावर आली. सिलास सगळ्यांच्या शेवटी पुढे गेला, घास तोंडात घातला, चावला आणि गिळला. त्याच्याकडे कुणी पाहिलं की नाही, हे त्याने बघितलं नाही.

घरी सारजाबाई त्याचं सगळं वेळेवर करायची. कपडे धुवायची, डबा बांधून द्यायची. फक्त त्याचं ताट आता ती थोडं बाजूला वाढायची आणि त्याचा तांब्या वेगळा ठेवायची. सिलासने एकदाही तक्रार केली नाही. ते ताट पुढे ओढून जेवायचं आणि उठून स्वतः धुवायचं, असं तो करू लागला. रविवारी तो निघताना ती दारात यायची, वाट झाडायला घ्यायची. "चाललाव?" असं विचारायची. तो "व्हय" म्हणायचा.

नव्या वर्षी पंचांची निवड झाली. शंकरप्पाचं नाव बंडप्पाने सुचवलं. शंकरप्पा म्हणाला, मला वाचता येत नाही, दिसत नाही, मी काय करणार. पाळक म्हणाले, प्रार्थना तर करता येते.

त्या रविवारी शंकरप्पा पहिल्यांदा मेजाजवळ उभा राहिला. नागम्माने त्याला तिथवर नेऊन सोडलं आणि ती मागे गेली. सिलास दाराजवळच्या भिंतीला टेकून बसला होता. तो डोळे मिटणार तोच हैदराबादकडे निघालेला एक मालट्रक रस्त्यावरून गेला, आणि मंदिराचे पत्रे थरथरले. शंकरप्पाने आवाज विरेपर्यंत वाट पाहिली.

मग त्याने प्रार्थना सुरू केली. पुस्तकातले शब्द त्याच्याकडे नव्हते. तो घरांची नावं घेऊ लागला. उमरग्याला गेलेल्या आपल्या भावाचं नाव घेतलं. सिलासला बोलून गेलेल्या म्हाताऱ्याचं घेतलं, त्याचा गुडघा दुखतो तो बरा कर म्हणाला. पाचही घरं त्याने एकेक करून सांगितली, पोरांसकट, कुणालाही न वगळता. "मुकादमाच्या सारजाबाईला सुखी ठेव," तो म्हणाला. "तिच्या हातची भाकर आमी लई दिवस खाल्लीय."

सिलास मान खाली घालून ऐकत होता. आता आपलं नाव येईल म्हणून त्याने श्वास धरला होता. शंकरप्पा सावकाश आठवून आठवून नावं घेत राहिला आणि शेवटी आमेन म्हणाला. सिलासचं नाव आलं नाही. जे आज आले नव्हते, फक्त त्यांचीच नावं तो घेत होता.